धुऊन, झाकणासकट

स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि समोरच ओट्यावर, चौपदरी घातलेल्या फडक्यावर, एक रिकामी बरणी पालथी घातलेली दिसली. शेजारी तिचं झाकण, आतली बाजू वर करून. बरणी दुकानातली होती, परवा मीच आणलेल्या ल्युतेनित्साची. ती कारखान्यातली मिरचीची चटणी आईने पावाला जेमतेम लावून खाल्ली होती आणि "मिरचीला साखर चारलीय नुसती" एवढंच बोलली होती; बाकीची मीच संपवली. आता बरणीवरचा कारखान्याचा कागद निघालेला होता. नुसता कागद नाही, त्याखालचा गोंदसुद्धा तेल लावून, नखाने खरवडून, पुसून काढलेला. यात घाबरण्यासारखं काय आहे, असं कोणीही विचारेल. पण मी घाबरलो. सव्वीस वर्षं मी सोफियातल्या लिफ्टची देखभाल करतोय. मोठा बिघाड होण्याआधी लिफ्ट एक बारीक आवाज करते, तो बाकी कोणाला ऐकू येत नाही, मला येतो. ती बरणी तसा आवाज करत होती. आई खिडकीपाशी आपल्या खुर्चीत बसली होती, हात मांडीवर, आणि तिचा वॉकर भिंतीला टेकून उभा होता, तिच्यापासून चांगला चार पावलं लांब. म्हणजे ती त्याला न धरता नळापर्यंत गेली होती आणि परत आली होती. "एक झाली," ती बाहेर बघत म्हणाली. "शुक्रवारी बाजारात जाशील ना? मिरच्या आण. वीस किलो. लांबट, जाड गराच्या. टोकाशी मुडपलेल्या घेऊ नकोस, सोलताना जीव जातो." सहा महिन्यांत माझी आई सलग इतकी वाक्यं बोलली नव्हती. मी खरं तर नाचायला हवं होतं. मी फक्त "बरं" म्हणालो आणि चहाचं आधण ठेवलं, कारण मला तिचा पुढचा प्रश्न आताच ऐकू येत होता, जो तिने अजून विचारला नव्हता. एक झाली. बाकीच्या कुठे आहेत?

बाकीच्या म्हणजे तिच्या बरण्या. माझ्या आयुष्यात त्यांच्याशिवाय एकही हिवाळा गेला नव्हता. ऑक्टोबर उजाडला की आमच्या गावाहून, दोल्नी क्लादेनहून, येणाऱ्या बसचा ड्रायव्हर सामानाच्या कप्प्यातून दोऱ्याने करकचून बांधलेली खोकी काढून देई: भाजून सोललेल्या मिरच्या, आंबवलेल्या काकड्या, आलुबुखाराचं सरबत, ल्युतेनित्सा, आणि तळाशी नेहमी एक मधाची, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. प्रत्येक बरणीवर जखमेला लावायच्या चिकटपट्टीचा एक तुकडा आणि त्यावर जांभळ्या पेन्सिलीने वर्ष. आणि ईस्टरला त्याच बसने रिकाम्या बरण्या परत. त्याआधी आठवडाभर फोन, आणि फोनवर एकच वाक्य: "धुऊन, झाकणासकट." कशी आहेस विचारलं तरी तेच. मी वसतिगृहात होतो तेव्हा, सैन्यात होतो तेव्हा, लग्न झालं तेव्हा आणि नऊ वर्षांपूर्वी ते मोडलं तेव्हाही. लोक दरवर्षी नवी झाकणं विकत घेतात. आई प्रत्येक झाकणाच्या आतल्या रबरावरून अंगठा फिरवी, डोळे मिटून, आणि "अजून दोन वर्षं" असा निकाल देई. एकदा माझ्या बायकोने एक उंच बरणी भरून अक्रोडाचा केक कचेरीतल्या मैत्रिणीला दिला आणि ती बरणी काही परत आली नाही. आईने त्या बरणीची चौकशी पुढे दोन वर्षं केली, नाव घेऊन केल्यासारखी: "ती काचेत बुडबुडा असलेली, तिचं काय झालं?" बाबा म्हणायचे, "तुझी आई वर गेली की स्वर्गाच्या दारावरच्या सेंट पीटरला आधी विचारील, रिकाम्या कुठे ठेवता?" मी हसायचो. तरुणपणी मला त्या खोक्यांची लाजही वाटायची; ट्राममधून नेताना ती किणकिणायची आणि सगळ्यांना कळायचं की हा गावाकडून आलाय आणि अजून आईच्या हातचं खातोय. मग तो हिवाळा आला, ज्यात पगार हातात पडेपर्यंत त्याची किंमत निम्मी व्हायची आणि दुकानांत फक्त व्हिनेगर उरलं होतं, आणि आमच्या मजल्यावरच्या तीन घरांनी मार्चपर्यंत आईच्या बरण्यांवर दिवस काढले. तेव्हापासून लाज गेली. पण ती बाई तिकडे काय करते, किती वाकते, किती वेळ उभी राहते, हे मी तेव्हाही विचारलं नाही. बरण्या येतात तशा येत होत्या. झाडाला कोण विचारतं.

जानेवारीत ती लाकडं आणायला निघाली आणि पायरीवरच्या बर्फावर घसरली. खुब्याचं हाड मोडलं. दोन तास अंगणात पडून होती. शेजारणीचं कुत्रं भुंकत राहिलं म्हणून सापडली. जिल्ह्याच्या इस्पितळातला डॉक्टर भला माणूस होता, त्याने मला बाजूला घेतलं, "या वयात..." म्हणाला आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. मी चार दिवस तिच्या पलंगाशी बसलो. ती मला बाबांच्या नावाने हाक मारत होती आणि बकरी दोहून झाली का विचारत होती. आमच्याकडे मी शाळेत होतो तेव्हापासून बकरी नव्हती. पाचव्या दिवशी, रविवारी, मी कपडे घ्यायला सोफियाला आलो. भर दुपार होती, बर्फावर लख्ख ऊन. जाड मोजे शोधायला बाल्कनीतलं कपाट उघडलं तर आत त्या उभ्या: एकेचाळीस रिकाम्या बरण्या, धुतलेल्या, झाकणासकट, ईस्टरची वाट बघत. आता यांना कुठे पाठवायचं? एवढाच एक प्रश्न माझ्या मनात आला आणि तो मला सहन झाला नाही. मी त्यांना चार फेऱ्यांत खाली नेलं. आमच्या इमारतीसमोर रिकाम्या काचा टाकायची हिरवी टाकी आहे, तिचं भोक इतकं लहान की एका वेळी एकच बरणी आत जाते. पहिली टाकली. ती फुटल्याचा आवाज आतून आला, आणि बरं वाटलं, हे मला कबूल केलं पाहिजे. दुसरी टाकली. तिसऱ्या मजल्यावरून बोगदानाने खिडकी उघडली. ही बोगदाना आयुष्यभर ट्राम चालवून निवृत्त झाली आणि आता इमारत चालवते. "कामेन, काय फोडतोयस रविवारचं?" "कचरा आहे," मी म्हणालो. "मग झाकणं काढ आधी. काचेत पत्रा चालत नाही." मी झाकणं काढली. एकेक काढून कोटाच्या खिशात टाकत गेलो, दोन्ही खिसे फुगले, आणि एकेचाळिसावी बरणी टाकून झाल्यावर मी तिथेच उभा राहिलो. मूठमाती देताना माती पहिल्यांदा लेकाने टाकायची असते. मी टाकली होती. आणि ते माणूस अजून जिवंत होतं.

कारण मग ती वाचली. कोणी मला सांगितलं असतं की वाचेल, तर! तिचं ऑपरेशन झालं, ताप उतरला, तिने मला माझ्या नावाने ओळखलं आणि नर्सला सांगितलं की सूप वाढतेस ते पाणी आहे. मार्चमध्ये मी तिला सोफियाला आणलं, सातव्या मजल्यावर, माझ्या घरी. लिफ्टमधून येताना तिने विचारलं, "ही तू बघतोस का?" मी हो म्हणालो. "हलते," ती म्हणाली. ते तिचं शेवटचं चांगलं वाक्य. त्या संध्याकाळपासून ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली ती बसलीच. व्यायाम शिकवायला मुलगी यायची. आई तिच्याकडे पाहुण्याकडे बघावं तसं बघायची आणि पाय उचलायची नाही. जेवायला बोलावलं की "घेते थोडं" म्हणायची. जी बाई एकही सुतळी फेकायची नाही, भाताची पेज कुत्र्याला, भांडी धुतलेलं पाणी टोमॅटोला, आणि शिळ्या पावाचा चुरा कोंबड्यांना, ती आता ताटात अर्धं टाकून उठायची. "आई, तुझंच घर आहे," मी म्हणायचो. "हो तर," ती म्हणायची आणि हात मांडीवर ठेवायची. मला वाटायचं, गाव सुटलं म्हणून. मला वाटायचं, दुखतंय म्हणून. खरं काय ते मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मी फक्त तिकडे बघत नव्हतो. बाल्कनीतल्या त्या कपाटात मी माझी जुनी स्की ठेवून दिली होती, उभी, जागा भरून काढायला. आणि झाकणं एका पिशवीत घालून आमच्याच इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत, माझ्या अवजारांच्या पेटीमागे लपवली होती. ती का टाकली नाहीत, ते विचारू नका.

एप्रिलमध्ये कंपनीने माझे कामाचे दिवस आठवड्याला तीनच केले. मी ठरवलं, हीच वेळ आहे. आता मी माझं मी करणार, कमीत भागवणार, आजवर आयतं खाल्लं ते पुरे झालं. आणि पन्नाशी उलटलेला माणूस काही ठरवतो तेव्हा जे करतो ते मी केलं: सामान आणलं. लाकडी खोकी आणली, दही लावायचं यंत्र आणलं, पीठ दळायचं हातजातं आणलं, मोबाइलवर दाढीवाल्या माणसांचे व्हिडिओ बघितले. आई आपल्या खुर्चीतून हे बघत होती. चौथं पार्सल आलं तेव्हा तिने विचारलं, "काटकसर करायला एवढं सामान लागतं?" मी साबण केला, तो जमला नाही, त्याने धुतलेला माझा कामाचा शर्ट अजून तुपकट आहे. मी घरी आंबवलेल्या पिठाचा पाव केला, त्यावर हातोडी मारली असती तर हातोडी मोडली असती. आईने तो दुधात बुडवून, एक शब्द न बोलता संपवला. ती नावं ठेवत नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे मला तेव्हा कळलं आणि त्या दिवशी मी फार घाबरलो. मग मी पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या आडव्या कापून त्यात माती भरली आणि बाल्कनीच्या कठड्याला ओळीने तीस कांदे लावले, पातीसाठी. रोज सकाळी उठल्याबरोबर पाणी घालायचो. मे गेला, काही नाही. जूनमध्ये काही कुजले. उरलेल्यांना मी तरीही पाणी घालत राहिलो. मला त्यांच्याशी बोलायचीही सवय लागली होती, "चला रे, चला," असं काहीतरी. आणि जुलैत, आठवड्याभरातच, उरलेल्या सगळ्यांना हिरवी पात आली, ताठ, बोटभर. मी लहान पोरासारखा आत धावलो. "आई, बघ! आले!" तिने पात तोडून नाकाशी नेली, वास घेतला, "हं" म्हणाली आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मला तेव्हा वाटलं, कौतुक आहे.

आणि आता ऑगस्ट संपत आलेला आणि ओट्यावर ही बरणी. मंगळवारी ती दिसल्यापासून शुक्रवारपर्यंत मी दुसऱ्या कशाचा विचार केला नाही. शहराच्या म्लादोस्त भागातल्या एका इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा राहून दोरांना वंगण देत होतो आणि माझ्या डोक्यात तीच ती टाकी, तेच भोक. सांगून टाकावं. सांगितलं तर काय होईल? ती आरडाओरडा करणार नाही. ती "बरं" म्हणेल आणि पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसेल, आणि या वेळी उठणार नाही. चार पावलं चालली होती ती. त्या चार पावलांसाठी मी काय वाटेल ते खोटं बोललो असतो. म्हणून मी शुक्रवारी मिरच्यांबरोबर दुकानातून चोवीस नव्या बरण्या घेतल्या, मशीनच्या खोलीत गेलो, त्यांची चकचकीत झाकणं काढून ठेवली आणि आईची जुनी लावली. सगळ्या बरण्यांची तोंडं आमच्याकडे एकाच मापाची असतात, ही एक सोय. झाकणं नीट बसली. मला वाटलं, मी हुशार आहे.

शनिवारी सकाळी आम्ही स्वयंपाकघराला लागून असलेल्या बाल्कनीत मांडामांड केली. गावच्या घरून आणलेली मिरच्या भाजायची विजेची भट्टी, मडक्याएवढी, तिच्यात एका वेळी तीनच मिरच्या उभ्या मावतात. आजूबाजूच्या पन्नास बाल्कन्यांतही तेच चाललं होतं. सप्टेंबर लागताना आमच्या भागात कपडे वाळत घातले की ते भाजलेल्या मिरचीच्या वासाचे होतात. "काळी होऊ दे. अजून. घाबरतोस काय, साल जळतेय, तू नाही." आई खुर्ची बाल्कनीच्या दारात ओढून बसली होती आणि मांडीवर परात. भाजलेल्या मिरच्या झाकलेल्या पातेल्यात घामेजून निघत आणि मग आम्ही दोघं त्या सोलत होतो. मी नळाखाली धरली तर तिने हातावर चापट मारली. "पाण्यात सोलतात का? चव गटारात गेली ना!" चापट! मी त्रेपन्न वर्षांचा आहे आणि मला दुसरा हातही पुढे करावासा वाटला. तिची बोटं लालभडक झाली होती आणि भराभर चालत होती. तीन सगळ्यांत चांगल्या मिरच्या तिने भाजायला दिल्याच नाहीत; त्या चिरून बी वर्तमानपत्रावर पसरलं. "हे कशाला?" "बी कशाला असतं?" ती म्हणाली. दुपारपर्यंत टोमॅटोचा रस आटला, मिरच्या आणि गाजरं यंत्रातून निघाली, सगळं मोठ्या कढईत शिजायला लागलं आणि मी ढवळायला उभा राहिलो. हात भरून आला. "थांबू नकोस, लागेल. चमचा ओढल्यावर तळाला वाट दिसली पाहिजे, आणि ती मिटता कामा नये." तिच्या गालांवर वाफेने लाली आली होती आणि ती पुन्हा माझी आई दिसत होती, फोनवरची, बसच्या खोक्यातली. चारच्या सुमारास तळाला वाट दिसली. आणि ती म्हणाली, "आण आता बरण्या."

मी गच्चीवरून खोकं आणलं. तिच्यासमोर ठेवलं. तिने एक बरणी उचलली, झाकण फिरवून काढलं आणि डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला. "हे झाकण माझं," ती म्हणाली. मग डोळे उघडले आणि बरणी उजेडात धरली, खालून बघितली, कडेने नख फिरवलं. "बरणी माझी नाही." मी कढईकडे बघत होतो. चटणीचे मोठे मोठे बुडबुडे फुटून ओट्यावर उडत होते. "आई," मी म्हणालो, "मी त्या टाकल्या. जानेवारीत. तू इस्पितळात होतीस. मला वाटलं, तू..." डॉक्टरचंच वाक्य माझ्या तोंडात आलं आणि तिथेच मोडलं. मी रडलो, हे सांगायला मला संकोच नाही, हातात लाकडी चमचा धरून उभ्या उभ्या रडलो. तिने झाकण मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "ढवळ. लागेल."

मी ढवळलं. "मला माहीत आहे," ती माझ्या पाठीमागून म्हणाली. "आले त्या दिवशीच पाहिलं. तू गाडीतून सामान आणायला गेलास आणि मी भिंत धरून धरून ते कपाट उघडलं. म्हटलं, बरण्या कुठे ठेवतो बघू. तर तुझ्या त्या स्की, आणि फळीवर बरण्यांच्या बुडांचे नुसते गोल डाग. म्हटलं, बरं. पोराने आटपून घेतलंय. आता मी कशाला मध्ये मध्ये करू?" सहा महिने, माझ्या मनात आलं. सहा महिने ती हे घेऊन त्या खुर्चीत बसली होती, आणि मी तिला पाव खाऊ घालत होतो. "मग," मी विचारलं, "मग आता कशी उठलीस?" "कांदे," आई म्हणाली. "कुठले कांदे?" "तुझे ते बाटल्यांतले. उलटे लावले होतेस रे. सगळेच्या सगळे. मुळं आभाळाकडे करून. दोन महिने बघत होते. रोज सकाळी हा बाबा जातोय, पाणी घालतोय, बोलतोय त्यांच्याशी. निम्मे कुजले तरी घालतोयच. एक दिवस तू कामावर गेलास आणि मला राहवेना. कठड्याला धरून उभी राहिले आणि एकेक काढून सरळ लावला. अर्धा दिवस गेला. पाय असे थरथरत होते! मग खाली बसून विचार केला, हा माझ्या माघारी उपाशी मरणार. नक्की मरणार. साबण खाऊन मरेल." आणि ती हसायला लागली. तोंडावर लाल हात धरून, खांदे हलवत, बाबांच्या विनोदांना हसायची तशी. मीही हसलो असेन. नाकातोंडातून पाणी येत होतं त्यामुळे नक्की सांगता येत नाही. मग तिने पुन्हा ते झाकण हातात घेतलं. "झाकणं का ठेवलीस?" "माहीत नाही." "सगळी आहेत?" "एकेचाळीस." तिने मान हलवली. "म्हणजे अर्धीच पुरली होतीस मला," ती म्हणाली. मग लगेच तिचा आवाज बदलला. "या नव्या दुकानात परत दे. सगळं गाव बरण्या फेकतंय आणि हा विकत आणतोय! जा, दारं वाजव. मी ढवळते." "तू? उभी राहून?" तिने दोन्ही हातांनी ओट्याची कड धरली आणि उठली. मी तिच्या कमरेला धरायला गेलो तर तिने चमचा माझ्या हातातून ओढून घेतला.

सात मजले मी जिन्याने उतरलो. लिफ्टची देखभाल करणारा माणूस अॅप्रन बांधून, कोपरापर्यंत लाल, दारोदार रिकाम्या बरण्या मागतोय, हे आमच्या इमारतीने याआधी पाहिलं नव्हतं. सहाव्यावर चार मिळाल्या, पाचव्यावर सात आणि एक लोणच्याच्या वासाची. लोक आधी माझ्या अॅप्रनकडे बघत, मग आत जाऊन ओट्याखालून, पलंगाखालून काढून देत, सगळ्यांकडे होत्या. बोगदानाने दार उघडलं, मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि दारातच हात कमरेवर ठेवले. "तेव्हा फोडत होतास, आता मागत फिरतोयस." "हो," मी म्हणालो. "तुझ्या आईला, त्सोनाला, कळलं?" "हो." "मग? जेवतेय ना?" "उभी आहे," मी म्हणालो, "कढईपाशी उभी आहे." बोगदाना आत गेली आणि बारा बरण्यांचं अख्खं खोकं घेऊन आली, ते माझ्या छातीवर आदळलं. "दोन भरून परत हव्यात. आणि तिला सांग, उद्या वर येते, मीठ कमी पडलंय का ते बघायला." जिना चढताना खोकं किणकिणत होतं. धाप लागली होती आणि पाचव्या मजल्यावर मी मुद्दाम एकदा हलवून तो आवाज पुन्हा ऐकला.

वर आलो तेव्हा ती अजून उभी होती. एक हात ओट्यावर, एक चमच्यावर, पाय थरथरत होते, आणि चटणी कुठेही लागली नव्हती. मी बरण्या धुतल्या, ती भरत गेली, मी झाकणं लावत गेलो. तिची जुनी झाकणं परक्यांच्या बरण्यांवर बसत गेली, कॉफीच्या, लोणच्याच्या, बोगदानाच्या मधाच्या. फडक्यांचे बोळे मध्ये मध्ये घालून मोठ्या पातेल्यात तीन खेपांत उकळून निघाल्या आणि मग घोंगडीवर सगळ्या पालथ्या, चौतीस, ऊन कलत होतं तोवर. शेवटी आई खुर्चीत बसली, मला चिकटपट्टी आणि जांभळी पेन्सिल आणायला सांगितली, आणि एकेका तुकड्यावर वर्ष लिहून माझ्याकडे देऊ लागली. सगळ्यांना लावून झाल्यावर एक उरली: ती पहिली, दुकानातली, जिचा गोंद तिने नखाने काढला होता. तिच्यासाठी तिने वेगळा तुकडा कापला, जरा मोठा, आणि गुडघ्यावर ठेवून सावकाश लिहिलं. मी वाचला. "आई, चुकलीस. पुढचं वर्ष लिहिलंयस."

"चुकले नाही. ही या हिवाळ्यात उघडायची नाही. मागे ठेव, कपाटात, तुझ्या स्की काढून. पुढच्या हिवाळ्यात उघडू." मी तो तुकडा बरणीवर लावला आणि अंगठ्याने दाबत राहिलो, तो केव्हाच चिकटला होता तरी. "आणि रिकामी झाली," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "की धुऊन, झाकणासकट, माझ्या हातात आणून द्यायची. टाकीत नाही. माझ्या हातात."